पायलट ज्योत आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन : ऊर्जा-कार्यक्षमतेचा तुलनात्मक विचार
(विशेष संदर्भ : खानदेशातील घरगुती व संस्थात्मक गॅस-उपकरणे)

गोषवारा :
गॅसवर चालणाऱ्या उपकरणात मुख्य बर्नर पेटविण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत एक छोटी ज्योत अखंड तेवत ठेवली जाते. दुसऱ्या पद्धतीत गरज पडेल त्याच क्षणी विद्युत ठिणगी निर्माण केली जाते. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचे कार्यतत्त्व, इंधनखर्च, विश्वसनीयता व सुरक्षितता यांची तुलना केली आहे. ज्योत किती लहान आहे यापेक्षा ती किती तास जळते हे अधिक निर्णायक ठरते, तसेच शीत प्रदेशात पायलट ज्योतीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खानदेशच्या हवामानात टिकत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पायलट ज्योत, इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, थर्मोकपल, गॅस गीझर, ऊर्जा-बचत.

प्रस्तावना :
अग्नी निर्माण करणे अवघड आणि तो टिकविणे तुलनेने सोपे, अशी परिस्थिती मानवी इतिहासात दीर्घकाळ होती. त्यामुळे अग्नी विझू न देणे हेच शहाणपण मानले गेले. आपल्याकडील ग्रामीण घरांत रात्री चुलीतील निखारे राखेत पुरून ठेवीत आणि पहाटे ते फुंकून त्यांवर गोवरी, तुराट्या अथवा पऱ्हाट्या पेटवीत. विस्तव विझलाच तर शेजारच्या घरून तो मागून आणला जाई. काडेपेटी सहज उपलब्ध झाली तशी ही प्रथा मागे पडली. अंबरनाथ येथे कारखाना असलेली विमको ही कंपनी १९२३ मध्ये स्थापन झाली व पुढे काडेपेटी ही घरोघरची वस्तू बनली. अग्नी हवा तेव्हा निर्माण करता येऊ लागल्यावर तो सांभाळून ठेवण्याचे कारण उरले नाही.

असे असताना विसाव्या शतकातील स्वयंचलित गॅस-उपकरणांत हाच राखेतील निखारा ‘पायलट ज्योत’ या रूपाने पुन्हा अवतरला. यंत्राला काडी ओढता येत नाही, म्हणून त्याच्याजवळ एक ज्योत कायम तेवत ठेवावी लागली. आता ठिणगी पाडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करू शकते. तेव्हा ही अखंड ज्योत बाळगण्याची आवश्यकता उरली आहे काय, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या विषयावरील बहुतेक विवेचन पाश्चात्त्य देशांतील घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांच्या संदर्भात आढळते. खानदेशात अशा भट्ट्यांची गरज नाही. तथापि तांब्याच्या बंबाची जागा घेणारा गॅस गीझर, उपाहारगृहांतील मोठ्या शेगड्या, महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील बर्नर आणि भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्राची भट्टी या सर्व ठिकाणी तोच प्रश्न वेगवेगळ्या प्रमाणात उपस्थित होतो.

लेखाची उद्दिष्टे :
१) प्रज्वलनाच्या दोन्ही पद्धतींचे कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
२) पायलट ज्योतीच्या इंधनखर्चाचे गणित मांडणे.
३) स्थानिक हवामान, वीजपुरवठा व सुरक्षितता यांच्या संदर्भात दोन्ही पद्धतींची तुलना करणे.
४) महाविद्यालये व वसतिगृहे यांच्यासाठी काही व्यवहार्य सूचना करणे.

पायलट ज्योतीचे कार्यतत्त्व :
पायलट ज्योत दोन कामे करते. मुख्य बर्नरमध्ये गॅस येताच तो पेटविणे हे पहिले काम होय. दुसरे काम सुरक्षिततेचे असून ते थर्मोकपल अर्थात तापयुग्म या घटकाच्या साहाय्याने साधले जाते. दोन भिन्न धातूंच्या तारांचे एक टोक तापविले व दुसरे थंड राहिले असता त्यांत विद्युत विभव निर्माण होतो, हे तत्त्व झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये प्रकाशात आणले. पायलट ज्योतीत ठेवलेल्या तापयुग्मात साधारणतः २० ते ३० मिलिव्होल्ट इतका अल्प विभव निर्माण होतो. या विभवामुळे वाहणारा प्रवाह एका लहान विद्युतचुंबकाला गॅसची झडप उघडी धरून ठेवण्यास पुरेसा असतो. वाऱ्याने ज्योत विझली की तापयुग्म थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंगच्या जोरावर झडप बंद होते. अशा उपकरणाची कळ सुरुवातीला काही सेकंद दाबून धरावी लागते, ती तापयुग्म तापेपर्यंतच.

या रचनेचे सौंदर्य असे की तिला बाहेरील विजेची मुळीच गरज नसते. आवश्यक ती वीज ज्योत स्वतःच निर्माण करते. पायलट ज्योत अनेक दशके टिकून राहिली त्याचे हे महत्त्वाचे कारण होय.

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचे कार्यतत्त्व :
ठिणगी पाडण्याची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे स्वयंपाकघरातील गॅस लायटर. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत प्रभार निर्माण होतो, हा दाबविद्युत परिणाम पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. लायटरमधील छोटी हातोडी अशाच एका पदार्थावर आघात करते आणि हजारो व्होल्टचा क्षणिक विभव ठिणगीच्या रूपाने प्रकट होतो. मात्र येथे हाताचा दाब लागतो, म्हणून ही पद्धत स्वयंचलित नव्हे.

आजच्या तात्काळ गॅस गीझरमध्ये स्वयंचलित रचना असते. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने एक पडदा सरकतो व त्यामुळे सूक्ष्म स्विच दाबला जातो. दीड व्होल्टच्या दोन सेलांवर चालणारे मंडल सलग ठिणग्या पाडू लागते, त्याच वेळी सोलेनॉइड झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योत खरोखर पेटली की नाही, हेही मंडल तपासते. ज्वालेतील वायू अंशतः आयनीभूत असल्याने तिच्यातून काही मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह वाहू शकतो. तो प्रवाह ठराविक सेकंदांत आढळला नाही तर झडप बंद केली जाते. तापयुग्म थंड होण्यास लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत हा प्रतिसाद पुष्कळच जलद असतो.

मोठ्या भट्ट्यांत याखेरीज आणखी दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात ठिणगीने आधी पायलट पेटविला जातो, परंतु तो फक्त गरजेच्या काळातच जळतो. दुसऱ्या प्रकारात सिलिकॉन कार्बाइड अथवा सिलिकॉन नायट्राइडचा तुकडा विजेने लाल होईपर्यंत तापवून त्यावर गॅस पेटविला जातो.

इंधनखर्चाचे गणित :
पायलट ज्योतीची उष्णताशक्ती उपकरणागणिक बदलते. विवेचनासाठी आपण ती १०० वॉट मानू. एलपीजीच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. १०० वॉटची ज्योत २४ तासांत ८.६४ मेगाज्यूल उष्णता देते, म्हणजेच ती दररोज सुमारे १८८ ग्रॅम गॅस जाळते. निरनिराळ्या शक्तीच्या ज्योती अखंड तेवत ठेवल्यास होणारा खर्च पुढीलप्रमाणे :

तक्ता क्र. १ : पायलट ज्योतीचा इंधनखर्च (१४.२ किलोग्रॅमचा सिलिंडर गृहीत धरून)
५० वॉट : दररोज ९४ ग्रॅम, एक सिलिंडर सुमारे १५१ दिवस, वर्षाला सुमारे २.४ सिलिंडर.
१०० वॉट : दररोज १८८ ग्रॅम, एक सिलिंडर सुमारे ७६ दिवस, वर्षाला सुमारे ४.८ सिलिंडर.
२०० वॉट : दररोज ३७६ ग्रॅम, एक सिलिंडर सुमारे ३८ दिवस, वर्षाला सुमारे ९.७ सिलिंडर.

या आकड्यांचा अर्थ स्नानाच्या पाण्याशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होतो. हिवाळ्यात १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. गीझरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास त्यासाठी सुमारे ३४ ग्रॅम गॅस पुरतो. चार जणांच्या कुटुंबाच्या चार बादल्यांसाठी सुमारे १३७ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे कुटुंबाच्या स्नानासाठी जेवढा गॅस लागतो त्याहून अधिक गॅस, १८८ ग्रॅम, केवळ पुढील स्नानाची वाट पाहण्यात खर्च होतो. एकूण वापराच्या ५८ टक्के वाटा या प्रतीक्षेचा असतो.

हे प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते, कारण डोळ्यांना दिसतो तो ज्योतीचा आकार. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविणाऱ्या गीझरचा मुख्य बर्नर सुमारे १३ किलोवॉट शक्तीचा असतो, म्हणजे तो पायलटच्या १३० पट मोठा असतो. परंतु वरील चार बादल्यांसाठी तो दिवसातून जेमतेम आठ मिनिटे जळतो. पायलट मात्र १४४० मिनिटे, म्हणजे १८० पट अधिक काळ जळतो. शक्ती आणि काळ यांचा गुणाकार म्हणजे ऊर्जा, आणि या गुणाकारात काळाने शक्तीवर मात केली आहे. विद्यार्थ्यांना शक्ती व ऊर्जा यांतील फरक समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा खर्च पाहू. मोठ्या आकाराच्या दोन अल्कलाइन सेलांत मिळून ढोबळमानाने ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा असते आणि नेहमीच्या घरगुती वापरात ते काही महिने पुरतात. तितकी ऊर्जा १०० वॉटची पायलट ज्योत अर्ध्या तासाच्या आतच खर्च करते. घरगुती विजेवर चालणाऱ्या नियंत्रण मंडलाचा विचार केला तरी निष्कर्ष बदलत नाही. असे मंडल सतत ३ वॉट वीज घेते असे मानल्यास वर्षाला सुमारे २६ युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जाच विजेच्या रूपाने हाती येते, हे लक्षात घेतल्यास मूळ इंधनाचा खर्च ७९ युनिटांच्या आसपास जातो. पायलट ज्योतीचा वार्षिक खर्च ८७६ युनिट आहे. म्हणजे विजेच्या निर्मितीतील तूट हिशेबात धरूनही पायलट ज्योत सुमारे अकरा पट महाग पडते.

वाया जाणाऱ्या उष्णतेचा प्रश्न आणि हवामान :
पायलट ज्योतीची उष्णता खरोखर वाया जाते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. शीत प्रदेशातील घरात ही उष्णता हिवाळ्यात काही अंशी घर उबदार ठेवण्यास हातभार लावते. पाण्याची टाकी असलेल्या गीझरमध्ये पायलट टाकीखाली असल्याने तिची काही उष्णता पाण्यात मुरते. म्हणून अशा ठिकाणी पायलटचा संपूर्ण खर्च तोटा म्हणून मांडणे न्याय्य होणार नाही.

आपल्या भागात मात्र हे समर्थन लागू पडत नाही. एक तर येथील गॅस गीझर प्रामुख्याने तात्काळ पद्धतीचे असतात. त्यांत पाण्याचा साठा नसल्यामुळे उष्णता साठविण्यास जागाच नसते. दुसरे म्हणजे सावदा, रावेर, भुसावळ या पट्ट्यात थंडीचा काळ थोडा असतो आणि मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. ज्या ऋतूत गरम पाण्याची कोणालाच गरज नसते त्या ऋतूतही तेवणारी ज्योत इंधन तर खर्च करतेच, शिवाय आधीच तापलेल्या घरात उष्णतेची भर घालते. पंखा किंवा कूलर लावून आपण ती बाहेर काढतो, म्हणजे त्याच उष्णतेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

धोरणात्मक पार्श्वभूमी :
अमेरिकेत १९८७ च्या राष्ट्रीय उपकरण ऊर्जा-संवर्धन कायद्यान्वये, विजेची जोडणी असलेल्या स्वयंपाकाच्या गॅस शेगड्यांत अखंड तेवणारी पायलट ज्योत ठेवण्यास १ जानेवारी १९९० पासून मनाई करण्यात आली. पुढे एप्रिल २०१२ पासून विजेची जोडणी नसलेल्या शेगड्यांनाही ही मनाई लागू झाली. घर उबदार ठेवणाऱ्या जुन्या पायलटयुक्त भट्ट्यांची वार्षिक कार्यक्षमता तेथे साधारण ५६ ते ७० टक्के मानली जाते, तर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या मध्यम श्रेणीच्या भट्ट्यांची ८० ते ८३ टक्के. तथापि हा सर्व फरक प्रज्वलनामुळे पडतो असे समजणे चुकीचे ठरेल. उष्णता-विनिमयकाची सुधारित रचना, धुरांड्यातून होणारी गळती रोखणारी व्यवस्था यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

भारतात एलपीजीचा घरगुती वापर १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाला. आपल्याकडील शेगड्या काडेपेटीने अथवा लायटरने पेटविल्या जात असल्यामुळे घरगुती शेगडीत पायलटचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ नंतर स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने शेगड्यांना तारांकन दिले, ते बर्नरच्या औष्णिक कार्यक्षमतेवर. देशाच्या एलपीजीच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीतून भागतो, हे लक्षात घेता उपकरण वापरात नसताना जळणाऱ्या गॅसकडेही तितकेच लक्ष जाणे आवश्यक आहे.

दीपनगरची भट्टी : मोठ्या प्रमाणावरील उदाहरण :
हाच प्रश्न औद्योगिक पातळीवर पाहावयाचा असल्यास फार दूर जाण्याची गरज नाही. महानिर्मितीच्या दीपनगर येथील केंद्रात ५०० मेगावॅट क्षमतेचे दोन संच आहेत. अशा केंद्रात दगडी कोळशाची पूड करून ती भट्टीत फुंकली जाते. थंड भट्टीत ही पूड आपोआप पेटत नाही, म्हणून प्रथम तेलाचे बर्नर विद्युत ठिणगीने पेटवून भट्टी तापविली जाते. संच कमी भारावर चालत असताना किंवा कोळसा निकृष्ट असताना ज्वाला स्थिर राहावी यासाठीही तेल जाळावे लागते. ज्वालेला आधार देणारे हे तेल एका अर्थाने भट्टीची पायलट ज्योतच होय.

या तेलाच्या वापरावर वीज नियामक आयोग मर्यादा घालतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने कोळशावरील केंद्रांसाठी ठरविलेला निकष २००४ च्या विनियमांत प्रतियुनिट २ मिलिलिटर होता. तो २००९ मध्ये १ मिलिलिटर आणि २०१४ मध्ये ०.५ मिलिलिटर करण्यात आला. राज्याच्या केंद्रांना महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे निकष लागू होतात, तरी या घटीचे परिमाण समजून घेणे उद्बोधक आहे. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालल्यास १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण होते. प्रतियुनिट २ मिलिलिटर दराने त्यासाठी २४,००० लिटर तेल लागेल, तर ०.५ मिलिलिटर दराने ६,००० लिटर. एका संचामागे एका दिवसाचा फरक १८,००० लिटरचा आहे. पेटविण्यासाठी आणि पेटते ठेवण्यासाठी लागणारे इंधन हा किरकोळ खर्च नव्हे, हे यावरून दिसून येते.

विश्वसनीयता आणि सुरक्षितता :
इलेक्ट्रॉनिक पद्धतीवरील प्रमुख आक्षेप विजेवरील अवलंबित्वाचा आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने, विशेषतः ग्रामीण भागाने, दीर्घ भारनियमन अनुभवले आहे. अशा परिस्थितीत घरगुती विजेवर अवलंबून असलेले प्रज्वलन निरुपयोगी ठरते, तर पायलट ज्योत निर्धोकपणे चालू राहते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु सेलवर चालणाऱ्या मंडलाने तो बहुतांशी निकाली काढला आहे. सेल संपणे, क्षारयुक्त पाण्यामुळे पडदा अडकणे, ठिणगीच्या टोकावर काजळी साचणे या अडचणी उरतात. त्यांवर नियमित देखभाल हाच उपाय आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे अत्यंत आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनामुळे न पेटलेला गॅस साचण्याचा धोका कमी होतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो आणि अशा वेळी सतत तेवणारी ज्योत हे स्फोटाचे निमित्त ठरू शकते. परंतु कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेपासून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन मुळीच संरक्षण देत नाही. हा विषारी वायू मुख्य बर्नरच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवून स्नान करताना बेशुद्ध पडल्याच्या व मृत्यूच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. म्हणून ज्वाला कोणत्याही पद्धतीने पेटविलेली असो, गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे किंवा धूर बाहेर नेणारी नळी व कायमचा झरोका ठेवणे याला पर्याय नाही. नवीन गीझर स्वयंचलित आहे म्हणून तो सुरक्षितच आहे, असे मानणे जिवावर बेतू शकते.

महाविद्यालयांसाठी काही सूचना :
१) वसतिगृहासाठी गॅस गीझर खरेदी करताना अखंड पायलट नसलेले, सेलवर चालणारे व ज्वाला विझताच गॅस बंद करणारे उपकरण निवडावे. दरपत्रकाच्या तुलनेत केवळ खरेदी-किंमत न पाहता वार्षिक इंधनखर्चही मांडावा.
२) पायलटयुक्त जुने उपकरण लगेच बदलणे शक्य नसल्यास स्नानाची वेळ संपताच पायलट बंद करावा. तो दिवसातून एकच तास चालू ठेवल्यास १०० वॉटच्या ज्योतीचा खर्च १८८ ग्रॅमवरून सुमारे ८ ग्रॅमवर येतो. उपकरण न बदलता केवळ सवय बदलूनही बहुतांश बचत साधते, हे यातील मर्म आहे.
३) रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काम नसताना पेटते राहणारे बर्नर ही एक प्रकारची पायलट ज्योतच होय. १ किलोवॉटचे २० बर्नर अर्धा तास विनाकारण जळल्यास सुमारे पाऊण किलोग्रॅमहून अधिक गॅस खर्च होतो. प्रत्येक टेबलावर लायटर ठेवल्यास बर्नर विझविण्याचा संकोच राहणार नाही.
४) उपाहारगृहातील मोठ्या शेगड्यांचे पायलट गर्दीच्या वेळेनंतर बंद करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी.
५) गीझर असलेल्या प्रत्येक न्हाणीघराच्या वायुवीजनाची तपासणी हिवाळा सुरू होण्यापूर्वी करावी.
६) पदवी वर्गाच्या प्रकल्पासाठी ‘आपल्या घरातील पायलट ज्योतीचा खर्च’ हा विषय द्यावा. सिलिंडरचे वजन ठराविक दिवसांच्या अंतराने नोंदवून विद्यार्थ्यांना ही मोजणी सहज करता येईल.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पायलट ज्योतीचा खर्च तिच्या आकारावरून न ठरता तिच्या कालावधीवरून ठरतो. ज्या उपकरणाचा प्रत्यक्ष वापर दिवसातून काही मिनिटेच होतो, तेथे या ज्योतीचा खर्च मुख्य कामाच्या खर्चाहून अधिक होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाला लागणारी ऊर्जा, विजेच्या निर्मितीतील तूट धरूनही, त्या मानाने नगण्य आहे. शीत प्रदेशात पायलटच्या उष्णतेचा जो अंशतः उपयोग होतो तो खानदेशात होत नाही, उलट उन्हाळ्यात ती उपद्रवकारक ठरते. वीज नसताना चालण्याचा पायलटचा गुण खरा असला, तरी सेलवरील मंडलामुळे तो आता त्याच्याकडेच राहिलेला नाही.

अग्नी पेटविणे कठीण होते तोवर तो राखून ठेवणे हा विवेक होता. ती परिस्थिती बदलल्यानंतरही तो राखत राहणे हा केवळ अपव्यय होय. मात्र ठिणगी कशी पडते याइतकेच न्हाणीघराला झरोका आहे की नाही, याकडेही लक्ष दिले पाहिजे. इंधनाची बचत पुढील बिलात भरून काढता येते, गेलेला जीव भरून काढता येत नाही.